जोडी कोमर: ड्रामा स्कूल नाही, नाटकाचा अनुभव नावापुरता, आणि थेट १०० मिनिटांचं एकपात्री. हे जमलं कसं?

तिसरी_घंटा

जोडी कोमर आपल्याकडे बहुतेकांना 'किलिंग ईव्ह' या मालिकेतली विलनेल म्हणून माहीत आहे. जन्म १९९३, लिव्हरपूल. रॅडा, लॅम्डा, गिल्डहॉल यांपैकी कुठल्याच ड्रामा स्कूलची पायरी ती चढलेली नाही. व्यावसायिक रंगमंचावर २०१० साली स्कारबरोच्या स्टीफन जोसेफ थिएटरमध्ये 'द प्राइस ऑफ एव्हरीथिंग' हे नाटक केलं, त्यानंतर बारा वर्षं फक्त टीव्ही आणि सिनेमा. मग एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड पिंटर थिएटरात सूझी मिलरचं 'प्रायमा फेसी'. रंगमंचावर एकटी, साधारण १०० मिनिटं, मध्यंतर नाही. एप्रिल २०२३ मध्ये ऑलिव्हिए (लंडनच्या रंगभूमीचा मोठा पुरस्कार), जूनमध्ये त्याच भूमिकेसाठी टोनी (न्यूयॉर्कचा).

प्रश्न असा आहे की कॅमेऱ्यापुढे घडलेली नटी एवढं एकटीने कशाच्या जोरावर पेलते? आधीच्या कामातलं नेमकं काय इथे उपयोगी पडलं आणि काय नव्याने शिकावं लागलं असेल? 'जन्मजात देणगी' एवढ्यावर कृपया थांबू नका, तपशिलात लिहा.

अवनी_ठाणे

छान विषय. आधी क्रम लावून ठेवते, पुढच्या चर्चेला बरं पडेल.

लिव्हरपूल परफॉर्मिंग आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये तिने शाळकरी वयात हिल्सबरो दुर्घटनेवरचं (फुटबॉल सामन्यातल्या चेंगराचेंगरीवरचं) स्वगत केलं आणि पहिली आली. शाळेतल्या नाटकाच्या शिक्षकांनी तिला बीबीसी रेडिओ ४ च्या एका श्रुतिकेच्या चाचणीला पाठवलं, ते पहिलं काम. २००८ मध्ये 'द रॉयल टुडे'मध्ये छोटी भूमिका. त्यानंतर इंग्लंडमधले नवोदित जो रस्ता तुडवतात तोच: 'होल्बी सिटी', 'वॉटरलू रोड', 'कॅज्युअल्टी', 'सायलेंट विटनेस', 'व्हेरा'. एका भागापुरती पेशंट, साक्षीदार नाहीतर कुणाची तरी मुलगी.

२०१२ च्या 'गुड कॉप'मध्ये स्टीफन ग्रॅहम भेटला. तोही लिव्हरपूलच्या पट्ट्यातलाच. त्याने तिची गाठ स्वतःच्या एजंटशी घालून दिली. २०१३ ते १५ 'माय मॅड फॅट डायरी', २०१५ 'डॉक्टर फॉस्टर', २०१६ 'थर्टीन', २०१७ 'द व्हाइट प्रिन्सेस', आणि २०१८ मध्ये 'किलिंग ईव्ह'. २०१९ मध्ये त्यासाठी बाफ्टा आणि एमी हे पुरस्कार.

म्हणजे 'एका रात्रीत स्टार' म्हणतात त्या रात्रीआधी दहा वर्षांचं काम आहे. ड्रामा स्कूलचा कोर्स तीन वर्षांचा असतो. तिने तेवढ्याच काळात, किंबहुना त्याहून जास्त, सेटवर पगारी उमेदवारी केली.

मिडलँड्सकर

अवनी, अगदी बरोबर. त्या हॉस्पिटल-पोलिस मालिकांना इकडे फार मान नसतो, पण त्यांचा वेग जबरदस्त असतो. दिवसाला बरीच पानं उरकायची, तालीम एक-दोनदा, दिग्दर्शक दर काही भागांनी बदलणार. पाहुण्या नटाने पाठांतर पक्कं करून, पात्राचा आलेख स्वतः ठरवून यायचं. सेटवर तो घडवून घ्यायला कुणाला फुरसत नसते. या सवयीचा एकपात्रीत थेट फायदा होतो.

खालचा_सा

आवाजाबद्दल लिहितो, कारण कॅमेऱ्यावरून आलेल्या नटाची पहिली परीक्षा तिथे होते.

हिशेब करून पाहा. मिनिटाला १३० ते १५० शब्द धरले तर १०० मिनिटांत १३ ते १५ हजार शब्द होतात. टेसा एन्सलर ही 'प्रायमा फेसी'ची नायिका, वकील; ती सुरुवातीला झपाट्याने बोलते, तिथे वेग याहून जास्त. एवढं बोलणं आठवडाभर, रोज, आणि मॅटिनीच्या (दुपारच्या प्रयोगाच्या) दिवशी दोनदा. कॅमेऱ्यापुढे मायक्रोफोन हातभर अंतरावर असतो. कुजबुज चालते, वाक्याचा शेवट गिळला तरी चालतो. थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पोचवावा लागतो.

बिघडतं ते इथे: नट आवाज मोठा करायला गळा आवळतो. स्वरतंतूंना सूज येते, आधी वरचे स्वर जातात, मग आवाज घोगरा होतो. घोगरेपणा झाकायला नट आणखी जोर लावतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्वरतंतूंवर गाठी येण्याची भीती सुरू होते.

उपाय ठरलेले आहेत. प्रयोगाआधी १५-२० मिनिटं आवाज तापवणे: ओठांची फुरफुर, मग पाण्याच्या ग्लासात दोन बोटं खोल बुडवलेल्या नळीतून खालीवर स्वर सोडणे. याने तंतूंवर खालून-वरून दाब समतोल राहतो आणि आघात कमी होतो. नुसत्या पाण्याची वाफ घ्यायची, त्यात बाम-निलगिरी काही नको. पाणी दिवसभर थोडं थोडं, कारण प्रयोगाच्या तोंडावर प्यायलेलं पाणी तंतूंपर्यंत पोचायला वेळ लागतो. प्रयोगानंतर गोंगाटाच्या जागी गप्पा बंद. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. आणि प्रयोगानंतरही पाच मिनिटं आवाज 'थंड' करायचा, हे बरेच जण विसरतात.

संहितेत श्वासाच्या जागा आधी पेन्सिलने आखून ठेवतात. टेबलावर चढताना श्वास घ्यायचा की चढून झाल्यावर, हेसुद्धा ठरलेलं असतं. नाहीतर दहाव्या मिनिटालाच दम लागतो.

पल्लवी_के

खालचा_सा, प्रतिसाद जपून ठेवला आहे. आमच्या एकांकिकांच्या ग्रुपला पाठवते.

रंगपीठ

सर्वांशी सहमत नाही. हे नाटक लंडनमध्ये जन्मलेलं नाही. २०१९ मध्ये सिडनीच्या ग्रिफिन थिएटर कंपनीने ते पहिल्यांदा केलं, टेसाची भूमिका शेरिडन हार्ब्रिजने उभी केली. छोटं थिएटर, पण प्रयोग गाजला. वेस्ट एंडला (लंडनच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांच्या भागात) येताना मात्र टीव्हीवरचा चेहरा लागला. लंडनमध्ये दरवर्षी उत्तम प्रशिक्षित नट ड्रामा स्कूलमधून बाहेर पडतात आणि त्यांच्या वाट्याला असं नाटक येत नाही. कोमर चांगलीच आहे, वाद नाही. पण 'ड्रामा स्कूल नसूनही जमलं' याचं कौतुक करताना, तिकीटबारीवर तिचं नाव चालणार होतं म्हणून ते तिला मिळालं, हेही लिहिलं पाहिजे.

मिडलँड्सकर

रंगपीठ, नाव चालणार होतं हे खरं. पण गणितही पाहा. वेस्ट एंडचं थिएटर आठवड्याच्या भाड्याने घ्यायचं. नऊ आठवड्यांचा मर्यादित मुक्काम, नवी संहिता, विषय बलात्काराच्या खटल्याचा. अनोळखी नटीला घेऊन ८०० खुर्च्या रोज भरणं अवघड असतं. मग असं नाटक ८०-१०० खुर्च्यांच्या एखाद्या पबच्या माडीवरच्या थिएटरात होतं आणि तिथेच राहतं. कोमरमुळे ते मोठ्या घरात गेलं. तिथून एनटी लाइव्हवर (नाटकांचे चित्रित प्रयोग सिनेमागृहांत दाखवणारा नॅशनल थिएटरचा उपक्रम) आणि तिथून शाळांपर्यंत. स्कूल्स कन्सेंट प्रोजेक्ट ही वकिलांनी चालवलेली संस्था शाळांत जाऊन संमतीचा कायदा समजावते, ती या प्रयोगाशी जोडलेली होती. नावाचा उपयोग असा झाला तर मला त्यात वावगं दिसत नाही.

रंगपीठ

उपयोग झाला हे मान्य. माझा मुद्दा प्रशिक्षणाचा आहे. तिचं उदाहरण दाखवून उद्या कुणी 'शिकायची गरज काय' म्हणू नये.

उच्चारशास्त्री

मला वाटतं धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्या बोलींच्या कामात आहे.

विलनेल रशियन. ती फ्रेंच, इटालियन, जर्मन बोलते, शिवाय इंग्रजीच्या हव्या त्या ढबीत शिरते. कोमर या भाषा बोलत नाही, तिने ते संवाद ध्वनी म्हणून पाठ केले. पद्धत साधारण अशी असते: प्रशिक्षक वाक्य तीन वेगांत ध्वनिमुद्रित करून देतो, नट ते स्वतःच्या लिपीत उतरवतो, आघात कुठल्या अक्षरावर पडतो त्याखाली रेघ मारतो, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ पाठ करतो. हा शेवटचा टप्पा गाळला की डोळ्यांत काहीच उमटत नाही, तोंड मात्र बरोबर हलतं. पुष्कळ नटांचं परभाषेतलं काम इथेच पडतं.

'फ्री गाय' (२०२१) मध्ये दोन रूपं, एक अमेरिकन, एक ब्रिटिश. 'द बाइकरायडर्स' मध्ये अमेरिकेच्या मिडवेस्टची कॅथी. तिथे डॅनी लायन या छायाचित्रकाराने साठच्या दशकात खऱ्या कॅथीची घेतलेली ध्वनिमुद्रणं हाताशी होती. '२८ इयर्स लेटर' (२०२५) मध्ये ईशान्य इंग्लंडची बोली.

तिची स्वतःची बोली लिव्हरपूलची, म्हणजे स्काउस. शब्दाच्या शेवटचा 'क' घशात घासून जवळजवळ 'ख'सारखा निघतो, आणि 'फेअर' व 'फर' एकसारखे ऐकू येतात. इंग्लंडमध्ये या बोलीला आजही वर्गाचा शिक्का आहे. टेसा लिव्हरपूलच्या कामगार घरातून केंब्रिजला जाऊन बॅरिस्टर झालेली. कोर्टात तिची वाक्यं घासूनपुसून घेतलेली असतात, आईशी बोलताना सैल होतात. आवाजाच्या या दोन घरांत क्षणात ये-जा करण्याचा सराव कोमरला दहा वर्षांच्या कामातून मिळालेला होता. एकपात्रीत समोर दुसरा नट नसतो, तेव्हा 'आता आई बोलतेय, आता सहकारी, आता न्यायाधीश' हे आवाजानेच कळवायचं असतं.

तिसरी_घंटा

उच्चारशास्त्री, हेच हवं होतं! आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये बावन्न पात्रं उभी करायचे, त्यातही बोलीची ढब हेच मुख्य हत्यार होतं. फरक असा दिसतो की तिथे निवेदक सगळ्यांच्या पलीकडे उभा असतो. इथे टेसा स्वतःच्या आयुष्यातून बाहेर पडू शकत नाही. इतर पात्रं तिच्या तोंडून जेवढी येतात तेवढीच.

सायली_पुणे

मी 'किलिंग ईव्ह'शिवाय काही पाहिलेलं नाही. कुठून सुरू करू?

अवनी_ठाणे

सायली, 'थर्टीन' पासून कर. पाचच भाग आहेत. तेरा वर्षं तळघरात कोंडलेली मुलगी सुटून येते, एवढीच गोष्ट. त्यात ती फार कमी बोलते. मग 'हेल्प' (२०२१), मग 'द लास्ट ड्युएल'. 'किलिंग ईव्ह'चे चार सीझन, प्रत्येकी आठ भाग. पहिले दोन नक्की, पुढचे वेळ असेल तसे.

ट्रायपॉड

'हेल्प'चं नाव आलंच आहे तर त्यावर थांबू या, कारण मला तीच 'प्रायमा फेसी'ची खरी रंगीत तालीम वाटते.

जॅक थॉर्नची पटकथा, मार्क मंडनचं दिग्दर्शन, चॅनल ४ साठी. कोविडच्या पहिल्या लाटेत लिव्हरपूलमधल्या एका वृद्धाश्रमात काम करणारी सारा. एका रात्री ती ड्युटीवर एकटी आहे, एक रहिवासी श्वासासाठी तडफडतोय आणि फोनवरून मदत मिळत नाही. हा भाग सुमारे २६ मिनिटांचा, एका सलग शॉटमध्ये.

सलग शॉटमध्ये काय काय चुकू शकतं? दिवे खोलीतल्याच दिव्यांसारखे लपवावे लागतात, कारण कॅमेरा चारही दिशांना फिरतो. फोकस पुलरला (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्याला) नटाची प्रत्येक थांबण्याची जागा पाठ हवी. बूम (काठीवरचा मायक्रोफोन) कुठल्याही आरशात-काचेत दिसता कामा नये. विसाव्या मिनिटाला कुणी अडखळलं की पहिल्यापासून सुरुवात. आणि नटाने ऊर्जा वाटून घ्यायची असते: पाचव्या मिनिटाला रडू संपवलं तर पंचविसाव्या मिनिटाला काय उरणार?

सारा त्या शॉटमध्ये पळते, रुग्णाला पालथा करते, फोन धरून थांबते, परत पळते. तिची घाई सुरुवातीला कामाची आहे, मग हळूहळू भीतीची होते. संकलनाच्या मदतीशिवाय हा चढ तिने स्वतः बांधला आहे. २०२२ चा बाफ्टा याच कामाला. त्याच वसंतात ती हॅरॉल्ड पिंटरमध्ये उभी राहिली.

वकीलसाहेब_नगर

कायद्याची बाजू मांडतो, कारण भूमिका पेलण्यात तो भाग मोठा आहे. सूझी मिलर स्वतः ऑस्ट्रेलियात वकिली केलेली लेखिका, त्यामुळे संहितेत पोकळ जागा नाही. (पुढे रसभंग होईल, नाटक पाहायचं असेल त्यांनी हा प्रतिसाद सोडावा.)

टेसा आरोपींचा बचाव करणारी बॅरिस्टर. इंग्लंडमध्ये पक्षकाराशी पहिली गाठ सॉलिसिटरची, कोर्टात उभा राहतो बॅरिस्टर. आलेली केस आवड-नावड पाहून नाकारता येत नाही, असा त्यांचा व्यावसायिक नियम आहे. म्हणून लैंगिक अत्याचाराच्या आरोपींची उलटतपासणी ती उत्तम करते, त्यात तिला काही गैर वाटत नाही. साक्षीदाराला कोंडीत पकडण्याची तिची पद्धत पहिल्या भागात ती आपल्यालाच खुषीत समजावून सांगते. मग सहकाऱ्याकडून तिच्यावर बलात्कार होतो आणि ती स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

मधला काळ ७८२ दिवसांचा दाखवला आहे. दिवसांचा आकडा रंगमंचावर झळकतो.

२००३ च्या सेक्शुअल ऑफेन्सेस ॲक्टमध्ये संमतीची व्याख्या आहे, पण खटला बहुतेकदा 'आरोपीला संमती आहे असं वाजवीपणे वाटलं का' इथे येऊन अडतो. फिर्यादीच्या आठवणीतली एखादी विसंगती ज्यूरीच्या मनात शंका पेरायला पुरते. टेसाला हे सगळं पाठ आहे, कारण ती स्वतः हेच करत आली. पिंजऱ्यात उभी असताना पुढचा प्रश्न कुठून येणार हे तिला आधीच दिसतं आणि तरी ती थांबवू शकत नाही. हे ज्ञान आणि ही असहायता नटीला एकाच वेळी चेहऱ्यावर धरावी लागते.

शिवाय ज्यूरी १२ जणांची. प्रेक्षागृहच ज्यूरी आहे असा आभास प्रयोग निर्माण करतो. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर ज्यूरी उरलीच नाही, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तो दाब लगेच जाणवत नाही. पाहण्याआधी हे लक्षात ठेवावं.

ट्रायपॉड

वकीलसाहेब, तुमच्या मुद्द्याला 'द लास्ट ड्युएल' जोडतो. रिडली स्कॉट, २०२१. १३८६ चा फ्रान्समधला बलात्काराचा खटला: फिर्यादी मार्गरीत (कोमर), आरोपी ल ग्री, एकच घटना तीन जणांच्या कथनातून. पहिले दोन भाग मॅट डेमन आणि बेन ॲफ्लेकने लिहिले, मार्गरीतचा तिसरा निकोल होलोफसेनरने.

जिन्यावरचा प्रसंग बघा. ल ग्रीच्या आठवणीत मार्गरीत जिना चढताना बूट अलगद काढून ठेवते, जणू बोलावणंच आहे. तिच्या स्वतःच्या आठवणीत ती जीव घेऊन पळतेय आणि बूट पायातून निसटतात. तेच बूट, तोच जिना. कोमरला हा प्रसंग दोन पूर्ण वेगळ्या हेतूंनी करायचा होता, आणि ल ग्रीच्या भागात तिला अशी बाई व्हायचं होतं जी फक्त त्याच्या डोक्यात आहे. टेसाची साक्ष करण्याआधी तिने 'कुणाची गोष्ट खरी धरली जाते' हा अभ्यास इथे केला होता.

रंगपीठ

हा मुद्दा पटला. बुटांचा तपशील पुन्हा पाहीन.

नेपथ्य_नाशिक

मी मांडणीवर लिहितो. जस्टिन मार्टिनचं दिग्दर्शन, मिरियम ब्यूथरचं नेपथ्य. तिन्ही बाजूंनी छतापर्यंत खटल्यांच्या फायलींचे रॅक. मध्ये जड टेबलं आणि खुर्च्या. विंगेतून कुणी येत नाही. टेबलं कोमरच ढकलते, त्यावर चढते, त्याचं कोर्ट करते, बार करते. कपडेही प्रेक्षकांसमोर बदलते. सेल्फ एस्टीम या नावाने गाणाऱ्या रिबेका लूसी टेलरचं संगीत, पहिल्या भागात ठोक्यांवर चालणारं.

टेबलं हलवण्याचा फायदा दिसण्यापुरता नाही. एकपात्रीत पाठांतर सुटलं तर सावरायला समोर नट नसतो. म्हणून वाक्य हालचालीला बांधतात: या वाक्यावर डावीकडचं टेबल, त्या वाक्यावर खुर्ची उलटी. डोकं विसरलं तरी हात टेबलाशी गेला की वाक्य परत येतं. तालमीत हालचाल लवकर पक्की करतात ती यासाठी. तीच हालचाल उशिरा बदलली तर पाठांतरही डळमळतं.

मग पाऊस. बलात्कारानंतर ती रस्त्यावर येते तेव्हा रंगमंचावर खरं पाणी पडतं. अशा पावसाला वर भोकं पाडलेले पाइप, खाली पाणी गोळा करणारा उथळ हौद किंवा उतार, आणि निचऱ्याची मोरी लागते. पाणी कोमट ठेवतात. गार पाण्याने नटाचं अंग आखडतं आणि आवाज बसतो. भिजल्यावर घसरणार नाही असा पृष्ठभाग, जमिनीलगतच्या विजेच्या जोडण्या उंचावर किंवा बंदिस्त, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच. मध्यंतर नाही म्हणजे पुसायला माणसं येणार नाहीत, निचरा आपोआपच झाला पाहिजे. टाकी बंद केल्यावरही पाइपात उरलेलं पाणी ठिबकत राहतं आणि पुढच्या शांत प्रसंगात ते टपटपणं शेवटच्या रांगेपर्यंत जातं. म्हणून पाइपाच्या टोकाला झडप बसवून तो लगेच रिकामा करावा लागतो. हौशी मंडळींनी पाऊस करताना ही एक गोष्ट विसरू नये.

पल्लवी_के

आणि एवढ्या सगळ्यात ती आजारी पडली तर? एकपात्रीला अंडरस्टडी (ऐनवेळी जागा घेणारी बदली नटी) असते का?

मिडलँड्सकर

असते. न्यूयॉर्कमध्ये तशी वेळ आलीही. ७ जून २०२३, गोल्डन थिएटरची मॅटिनी. कॅनडातल्या वणव्यांचा धूर शहरावर पसरलेला होता. सुमारे दहा मिनिटांनी कोमरने श्वास घेता येत नसल्याचं सांगून प्रयोग थांबवला. अंडरस्टडी डॅनी आर्लिंग्टनने नाटक पहिल्यापासून सुरू करून पूर्ण केलं.

एकपात्रीच्या अंडरस्टडीचं काम कठीण असतं. पूर्ण संहिता, पूर्ण हालचाल, सगळे कपडेबदल पाठ, पण मुख्य रंगमंचावर सराव मिळतो तो मोजका. शिवाय प्रकाश आणि ध्वनीचे संकेत मुख्य नटीच्या लयीवर बांधलेले. नवी नटी थोडी हळू किंवा जलद गेली की संकेत देणाऱ्या स्टेज मॅनेजरला शब्दावर नजर ठेवून प्रत्येक संकेत मागे-पुढे करावा लागतो. त्या दुपारी दोघींनीही मोठं काम केलं, आणि कोमरने ओढूनताणून पुढे न जाता थांबण्याचा निर्णय घेतला तो योग्यच होता.

खालचा_सा

शंभर टक्के योग्य. धुराने सुजलेल्या तंतूंवर १०० मिनिटं बोलली असती तर पुढचे कित्येक प्रयोग गेले असते. चार दिवसांनी टोनीचा समारंभ होता, हेही लक्षात घ्या.

सायली_पुणे

भारतात पाहायचं कसं?

अवनी_ठाणे

एनटी लाइव्हने हॅरॉल्ड पिंटरमधला प्रयोग चित्रित केला आणि जुलै २०२२ पासून तो सिनेमागृहांत दाखवला. आपल्याकडे मुंबईत एनसीपीए एनटी लाइव्हचे प्रयोग दाखवत असतं, त्यांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेव. चित्रित प्रयोगात जवळचे शॉट मिळतात, आणि तिथे तिचा कॅमेऱ्याचा अनुभव फार कामी येतो. चेहरा शेवटच्या रांगेसाठी खेळतोय असं एकदाही वाटत नाही.

रंगपीठ

आणि तिथेच माझी शंका आहे. चित्रफितीत भारी वाटणारा चेहरा बाल्कनीतून किती दिसत असेल?

नेपथ्य_नाशिक

म्हणून तर मूळ मांडणीत शरीर एवढं वापरलंय. पहिल्या भागात ती टेबलावर उभी, उंच, विग आणि गाऊन घालून. पुढे ती जमिनीजवळ येत जाते. बाल्कनीतून चेहरा नाही दिसला तरी उंची दिसते.

दूरदेशी_मँचेस्टर

मूळ प्रश्नाला जोडून: इथे वाढणाऱ्या मराठी घरांतल्या १५-१६ वर्षांच्या मुलांनी हा रस्ता धरायचा म्हटला तर नेमकं काय करायचं? कोमरसारखं थेट, की ड्रामा स्कूल?

मिडलँड्सकर

दोन्ही दारं उघडी ठेवा.

नॅशनल यूथ थिएटर १४ ते २५ वयोगटाला चाचणीने घेतं. बहुतेक मोठ्या शहरांतल्या थिएटरांचे युवा गट असतात, तिथे शुल्क कमी आणि दिग्दर्शक खरे. लंडनजवळ असाल तर क्रॉयडनचं ब्रिट स्कूल १४ ते १९ वयासाठी, सरकारी खर्चाने, विनाशुल्क. टॉम हॉलंड तिथलाच. त्याआधी तो वेस्ट एंडला 'बिली एलियट'मध्ये होता. म्हणजे कोमरच्या बरोबर उलटा क्रम: आधी रंगमंच, मग कॅमेरा.

शाळकरी वयात पगारी काम मिळालं तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. अर्ज निदान २१ दिवस आधी करावा, उशिरा आलेला अर्ज कौन्सिल नाकारू शकतं. ज्या शैक्षणिक वर्षात १६ पूर्ण होतात त्या वर्षीच्या जूनच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत ही अट लागू. नऊ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला कामाच्या जागी दिवसाला जास्तीत जास्त साडेनऊ तास ठेवता येतं, त्यात प्रत्यक्ष काम पाच तासांच्या वर नाही. सोबत नोंदणीकृत शॅपरोन (मुलाची देखरेख करणारी व्यक्ती) हवा, पालक स्वतः असतील तर वेगळी गोष्ट.

एजंट कमिशन घेतो ते मिळालेल्या मानधनातून. काम मिळण्याआधीच फोटो आणि नोंदणीच्या नावाखाली मोठी रक्कम मागणारा असेल तर तिथून निघा. निर्माते नट शोधतात ती निर्देशिका स्पॉटलाइट. तिथे नाव घालताना बोलींच्या रकान्यात खरंच येतात त्याच बोली लिहा, कारण चाचणीत नेमकी तीच मागतात. घरची मराठीही लिहा.

रंगपीठ

यात एक भर. ड्रामा स्कूलमध्ये आवाज, शरीर आणि पद्य यांचं रोजचं काम असतं. शेक्सपिअर करायचा असेल तर ते फार उपयोगी पडतं. कोमरने आजवर शेक्सपिअर रंगमंचावर केलेला नाही. मुलांनी स्वतःला काय करायचंय ते पाहून ठरवावं.

उच्चारशास्त्री

सहमत. आणि घरातली बोली सोडू नका. कोमरची दोन सगळ्यात ताकदीची कामं, 'हेल्प' आणि 'प्रायमा फेसी', तिच्या स्वतःच्या स्काउसमध्ये आहेत.

तिसरी_घंटा

सर्वांचे आभार, एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं: पाठांतराची शिस्त मालिकांतून, आवाजांची ये-जा बोलींतून, लांब पल्ल्याची ऊर्जा 'हेल्प'च्या सलग शॉटमधून. नव्याने शिकावा लागला तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणं आणि तेच रोज करणं. आता एकच शंका: २०२६ च्या सुरुवातीला याच नाटकाचा ब्रिटन-आयर्लंड दौरा ठरला, शेवट तिच्या लिव्हरपूलमध्ये. एका जागी नऊ आठवडे आणि दर आठवड्याला नवं गाव, यात नटीला काय बदलतं?

नेपथ्य_नाशिक

बरंच. हॅरॉल्ड पिंटर आणि गोल्डन दोन्ही साधारण ८०० खुर्च्यांची घरं, त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आवाजाचं माप फारसं बदललं नसणार. दौऱ्यात प्रत्येक घराची खोली, बाल्कनीची उंची, आवाजाचा घुमार वेगळा. रॅक आणि पाण्याची व्यवस्था दर मुक्कामी नव्याने उभारायची. जुन्या थिएटरांचा रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असतो, तिथे चाकांवरचं किंवा ढकलायचं टेबल स्वतःहून घसरतं आणि पावसाचं पाणी पुढच्या रांगेकडे धावतं. तेव्हा वर सपाट तक्तपोशी टाकावी लागते.

खालचा_सा

आणि नटीने पहिल्या दिवशी दुपारी रिकाम्या घरात जाऊन शेवटच्या रांगेत कुणाला तरी बसवायचं, प्रत्येक प्रसंगातली दोन-दोन वाक्यं म्हणून पाहायची. सगळ्यात हळू आवाजातलं वाक्य आधी. ते पोचलं तर बाकीचं पोचतं. मात्र रिकाम्या घरात आवाज जास्त घुमतो, भरल्या घरात कपडे आणि माणसं तो शोषून घेतात, म्हणून दुपारी पुरेसा वाटला त्याहून थोडा जास्त आधार रात्री द्यायचा.